न आलेल्यांची मतं

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर सत्तरीच्या आसपासच्या एक बाई हातात क्लिपबोर्ड घेऊन उभ्या होत्या. शिकागोत आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान आहे. त्याला बाटलीबंद दारू विकायचा परवाना हवा होता, आणि या बाईंना तो मिळू द्यायचा नव्हता. नुसता तोच नव्हे, आमच्या मतदान केंद्राच्या हद्दीत दारू विकायलाच बंदी घालावी की नाही यावर मतदान व्हावं, म्हणून त्या सह्या गोळा करत होत्या. मी म्हटलं, मी इथला नागरिक नाही, व्हिसावर आहे, माझी सही चालणार नाही. त्यांनी कागद खाली घेतला आणि म्हणाल्या, "रात्री झोपतोस तर इथेच ना? मग गुरुवारी मीटिंगला ये. तिथे बोलायला सही लागत नाही."

मी गेलो. त्या मीटिंगमध्ये मी एका विषयावर बोललो आणि एका विषयावर गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे. पण तिथवर पोचायला आधी दोन देशांतले दारूच्या परवान्यांचे नियम थोडे उलगडावे लागतील. व्यवसायाने मी सॉफ्टवेअरवाला आहे. नियम दिसला की तो कुठे फुटतो ते शोधायची सवय लागली आहे.

इलिनॉय राज्याच्या दारूविषयक कायद्यानुसार शिकागोतल्या एखाद्या मतदान केंद्राच्या हद्दीतले लोक आपल्यापुरती दारूबंदी करू शकतात. त्यासाठी तिथल्या नोंदणीकृत मतदारांपैकी २५ टक्क्यांच्या सह्या लागतात, मग निवडणुकीच्या मतपत्रिकेवर प्रश्न येतो आणि पडलेल्या मतांच्या बहुमताने निकाल लागतो. याशिवाय रस्त्याच्या एखाद्या तुकड्यावर नवे परवाने द्यायचे नाहीत, असा ठराव त्या वॉर्डाचे नगरसेवक कौन्सिलकडून करून घेऊ शकतात. आमच्या रस्त्यावर असा ठराव आधीपासून होता. दुकानदाराला तो उठवून हवा होता, आणि मीटिंग त्यासाठी होती.

२५ टक्के सह्या हे ऐकून मी चपापलो, कारण हा आकडा मला नववीपासून पाठ आहे. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांनी तशी मागणी करावी लागते. मग गुप्त मतदान होतं. चिन्हं दोन: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. २००८ साली सरकारने हे नियम नव्याने घालून दिले, आणि पुढच्या काळात गावोगावच्या बायकांनी रांगा लावून बाटल्या आडव्या केल्या. हे सगळं ज्या कायद्याखाली चालतं तो मूळचा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आहे. दारूबंदीच्या कायद्याखाली दारू विकायचे परवाने द्यायचे, ही गंमत आपल्याला आता जाणवतही नाही.

दोन नियमांत एक फरक मात्र आहे. वाचताना बारीक वाटतो, पण सगळं त्यावरच उलटतं. शिकागोत पडलेल्या मतांचं बहुमत लागतं. आपल्याकडे गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई मतदानाला आलीच नाही, ती आजारी असो, ऊसतोडीला गेलेली असो, नाहीतर तिला कुणी घरात कोंडून ठेवलेलं असो, तिचं मत हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला जातं. आमच्या भाषेत याला डीफॉल्ट म्हणतात. वापरणाऱ्याने काहीच निवडलं नाही तर प्रोग्रॅमने काय धरून चालायचं, ते. नवख्या प्रोग्रॅमरला वाटतं की डीफॉल्ट हा तांत्रिक तपशील आहे. चार वर्षं काम केल्यावर कळतं की बहुतेक लोक काहीच निवडत नाहीत, त्यामुळे डीफॉल्ट ठरवणारा माणूसच बहुतेकांच्या वतीने निर्णय घेत असतो.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात आहे. एसटी स्टँडच्या मागे देशी दारूचं दुकान होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात होते. ते कधी कुणावर हात उगारत नसत, हे मी लगेच सांगतो, कारण दारूच्या गोष्टीत लोक त्याचीच वाट बघतात. ते नुसते संध्याकाळी स्टँडकडे जायचे आणि रात्री परत यायचे. पगार मात्र त्यांच्याबरोबर परत यायचा नाही. मी नववीत असताना बचत गटाच्या बायकांनी सह्या जमवल्या, तहसीलमध्ये खेटे घातले आणि मतदानाचा दिवस मिळवला. शाळेच्या वर्गात मतदान झालं. पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढे होती, पण गावातल्या एकूण बायकांच्या निम्म्याला ती पोचली नाही, थोडक्यात राहिली. दुकान चालू राहिलं.

आई मतदानाला गेली नव्हती.

त्या दिवशी ती परड्यात शेणी थापत बसली होती. बचत गटाच्या काकू दोनदा बोलवायला येऊन गेल्या. मी ते बघितलं आणि काही बोललो नाही, पण पुढची कितीतरी वर्षं ते मनात धरून ठेवलं. आण्णा पाच वर्षांपूर्वी लिव्हरच्या आजाराने गेले. तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवर बसून माझ्या मनात जे अनेक हिशेब चालू होते, त्यांत त्या थोडक्या मतांचाही होता, आणि त्यांतलं एक आईचं होतं.

आता मीटिंगकडे येतो. एका चर्चच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. नगरसेवकांनी दोन विषय ठेवले होते. पहिला परवान्याचा. दुसरा असा की वॉशिंग्टनने शस्त्रांवरचा खर्च कमी करून घरं, शाळा आणि दवाखान्यांवर वाढवावा, स्थलांतरितांना माणुसकीने वागवावं, अशा आशयाच्या एका ठरावाला आपल्या वॉर्डाने पाठिंबा द्यावा का. दुसरा विषय वाचल्याबरोबर मागून एक गृहस्थ उठले. त्यांचं म्हणणं असं की, रस्त्यावरचे खड्डे बुजवायचे पैसे ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी वॉशिंग्टनला शहाणपण शिकवू नये. कौन्सिलने कौन्सिलचं काम करावं.

हा आक्षेप जुना आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिकागोच्या कौन्सिलने जानेवारी २००३ मध्ये इराकवर हल्ला करू नये असा ठराव ४६ विरुद्ध १ मतांनी केला होता. दोन महिन्यांनी हल्ला झाला. ३१ जानेवारी २०२४ ला याच कौन्सिलमध्ये गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर २३ विरुद्ध २३ अशी बरोबरी झाली आणि महापौरांच्या मताने तो २४ विरुद्ध २३ असा संमत झाला. त्यानेही एक तोफ थांबली नाही. मग असल्या ठरावांचा अर्थ काय? सभागृहाने तास घालवायचे, शहर दुभंगायचं, आणि हातात काय, तर कागद.

त्या गृहस्थांचं बोलणं ऐकताना मला पुण्याची आठवण झाली, तीही १८८० सालच्या. जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते, निवडून आलेले नव्हे, नेमलेले. त्या साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून सजावटीवर हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मतदानात बत्तीस सभासदांपैकी विरोधात ते एकटे होते. आणि त्याच १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी पालिकेला पत्र लिहिलं. साम्राज्याचे अग्रक्रम आणि गल्लीतलं दुकान, दोन्हींवर एकाच वर्षी, एकाच पालिकेत, एकच माणूस बोलत होता. हे दोन वेगळे विषय आहेत असं त्यांना वाटलं असेल, असं मला तरी वाटत नाही. दारूवरच्या अबकारीचं उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जात होतं. दुकान गल्लीत, नुकसान गल्लीत आणि नफा दूर.

ही वायरिंग आजही तशीच आहे. आपल्या राज्यघटनेने दारू राज्यांच्या यादीत ठेवली. अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असं सांगितलं, आणि पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर राहिल्यामुळे तिच्यावरचा कर हा राज्यांच्या हातातला मोठा हुकमी पैसा आहे. म्हणजे जिने बंदी आणायची तिचीच तिजोरी विक्रीवर भरते. अमेरिकेत १९३३ च्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने देशव्यापी दारूबंदी उठवली आणि दारूचा विषय राज्यांकडे सोपवला. तरी १९८४ साली वॉशिंग्टनने कायदा केला की जे राज्य दारू खरेदीचं वय २१ करणार नाही त्याचा महामार्गांचा काही निधी कापू. साउथ डकोटा राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ साली सुप्रीम कोर्टात हरलं. कागदावर विषय राज्याचा, पण डांबराचे पैसे केंद्राचे. तेव्हा "वॉशिंग्टनशी आपला काय संबंध" असं विचारणाऱ्या गृहस्थांच्या कोपऱ्यावरच्या दुकानात एकोणीस वर्षांच्या पोराला बिअर का मिळत नाही, याचं उत्तर काही अंशी वॉशिंग्टनमध्येही आहे.

पण जवळचं आणि दूरचं जोडलेलं आहे, एवढ्याने दुसऱ्या विषयावर बोलायचा हक्क सिद्ध होत नाही. मला वाटतं खरा प्रश्न अंतराचा नाही, किमतीचा आहे. जो निर्णय मी घेतोय किंवा जे वाक्य मी बोलतोय, त्याची किंमत कोण मोजणार? युद्धाविरुद्धचा ठराव करणाऱ्या नगरसेवकाला बहुतेक वेळा काही मोजावं लागत नाही. उलट टाळ्या मिळतात. ते फुकटचं बोलणं आहे, आणि फुकटच्या बोलण्याचा संशय घ्यावा. परवाना नाकारणाऱ्यालाही बहुतेक वेळा काही मोजावं लागत नाही. ती किंमत दुकानदार आणि पिणारा देतात. तो दुसऱ्याच्या खिशातून केलेला परोपकार आहे, त्याचाही संशय घ्यावा. फुल्यांचं एकटं मत या दोन्हींत बसत नाही. ज्या सरकारने नेमलं त्याच्याच प्रतिनिधीच्या स्वागताला नाही म्हणायचं, एकतीस जणांच्या देखत. त्या मताने खर्च थांबला नाही. पण नगरपालिका "पुण्याच्या वतीने" जे करत होती, त्या "वतीने"मधून एक माणूस बाहेर पडला आणि त्याची नोंद झाली. परिणाम न करणाऱ्या मताचं एवढं एक काम असतं, आपल्या नावावर काय चाललंय ते तपासून आपलं नाव काढून घेणं.

आता परवान्याचा विषय. इथे जॉन स्टुअर्ट मिलला टाळून चालणार नाही. त्याच्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरच्या निबंधात दारूबंदीवर सविस्तर हल्ला आहे. विक्रीवर बंदी म्हणजे प्रत्यक्षात पिण्यावरच बंदी आहे हे तो स्पष्ट करतो, आणि दारूची दुकानं मुद्दाम कमी करण्यामागे कामगारवर्गाला लहान मूल समजण्याची वृत्ती असते असं म्हणतो. त्याचं म्हणणं मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर वाचताना अगदी पटलं होतं. तेव्हा मी स्वतः प्यायला लागलो होतो, हेही सांगून टाकतो. आजही शुक्रवारी दोन बिअर होतात.

आणि शिकागोचा इतिहास मिलच्या बाजूने साक्ष देतो. १८५५ साली इथल्या महापौराने, लेव्ही बून त्याचं नाव, दारूच्या परवान्याची फी ५० डॉलरवरून ३०० वर नेली आणि रविवारी दुकानं बंद ठेवायचा नियम कडकपणे लागू केला. तो परदेशातून आलेल्यांविरुद्धच्या राजकारणातून निवडून आला होता, आणि बिअरच्या दुकानांत रविवार घालवणारे बहुतेक जर्मन आणि आयरिश होते. एप्रिलमध्ये दंगल झाली, एक माणूस मेला. पुढच्या निवडणुकीत स्थलांतरितांनी रांगा लावून मतदान केलं आणि त्या पक्षाची सत्ता गेली. परवान्याची फी हा वरवर नगरपालिकेचा कोरडा विषय, पण आत प्रश्न होता की या शहरात कुणाचा रविवार चालणार.

पण याच शहराच्या वेशीवर दुसरी साक्षही आहे. लागूनच इव्हॅन्स्टन गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या सनदेत १८५५ सालीच चार मैलांच्या आत दारू विकायची नाही अशी तरतूद झाली, आणि ते गाव १९७२ पर्यंत कोरडं राहिलं. तिथेच फ्रान्सिस विलर्ड राहायच्या. त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या लाखो बायका दारूविरुद्ध संघटित झाल्या. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या तेव्हा त्यांचा या विलर्डबाईंशी स्नेह जुळला, आणि परत आल्यावर १८८९ साली रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत जे पुस्तक लिहिलं त्यात या स्त्रियांच्या संघटनांचं मोठ्या कौतुकाने वर्णन आहे. या बायकांना तेव्हा बहुतेक ठिकाणी मताचा अधिकार नव्हता. नवऱ्याने पगार पिऊन टाकला तर तिला ना कोर्ट होतं ना मतपेटी. मिलच्या युक्तिवादात पिणारा एकटा उभा असतो, स्वतःच्या शरीराचा मालक म्हणून. या बायकांना तो एकटा कधीच दिसला नाही. त्यांना तो नेहमी एका घराच्या दारात दिसला.

मी दोन्ही बाजूंचा आहे. शुक्रवारी मिलच्या, आणि आण्णांची आठवण आली की विलर्डबाईंच्या.

त्या गुरुवारी मला दोन मिनिटं मिळाली. मी म्हणालो की मी इथे मतदार नाही. या दुकानातून दूध-अंडी घेतो, आणि परवाना मिळाला तर बिअरही घेईन. माझे वडील दारूने गेले. तरी मी सरसकट बंदी मागत नाही, पण परवाना दिलाच तर रात्री लवकर बंद करायची अट घाला, आणि नाकारलात तर हे लोक कुठे जाऊन पितील याचा विचार करून नाकारा. एवढं बोललो. फार चांगलं बोललो नाही. क्लिपबोर्डवाल्या बाईंनी मान हलवली, ती होकारार्थी होती की निराशेने ते कळलं नाही. एका माणसाने हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हटलं, "हे लोक दोन वर्षांत निघून जातात."

मग दुसरा विषय आला. त्यात माणुसकीने वागवायचे जे स्थलांतरित होते, त्यांत मीही होतो. त्या हॉलमध्ये त्या ठरावाशी माझ्याइतका थेट संबंध असलेली माणसं थोडीच असतील. परवान्याच्या अटी शहराच्या, पण मी या शहरात राहायचं की नाही हे ठरतं वॉशिंग्टनमध्ये. नगरसेवकांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतं. बोलणाऱ्याने नाव सांगायचं होतं. माझ्या डोक्यात अर्धवट भरलेले फॉर्म, वकिलाची मेल, पुढच्या डिसेंबरची लग्नाची तिकिटं आणि विमानतळावरची खिडकी, असं सगळं एका सेकंदात येऊन गेलं. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो. नगरसेवक म्हणाले, "कुणाची हरकत दिसत नाही," आणि पुढे गेले. मागच्या गृहस्थांनी आपली हरकत पुन्हा नोंदवायला लावली. ठरावाच्या बाजूने बोलणारे तिघंच होते. माझं मौन कुठल्या खात्यात जमा झालं ते मला माहीत नाही, पण कुठल्यातरी खात्यात झालं.

घरी येऊन आईला फोन केला. तिकडे सकाळ होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "आडव्या बाटलीच्या वेळी तू का गेली नव्हतीस गं?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दुकान बंद झालं असतं तर थांबले असते व्हय ते? हायवेच्या दुकानाला गेले असते. स्टँडावर होतं तवर चालत तरी घरी यायचे. गाडीवरनं गेले असते तर कुणी आणून दिलं असतं मला?"

मी म्हटलं, तरी मत गुप्त होतं, जाऊन उभ्या बाटलीला द्यायचं होतंस.

"उभ्या बाटलीला द्यायला कोण गेलं होतं रे? रांगेत दिसली ती आडवीवालीच. सगळं गाव बघत होतं, तुझे चुलतेबी शाळंसमोर बसले होते. घरातलं चव्हाट्यावर कशाला न्यायचं?"

हे ऐकून मी फोन कानाला लावून तसाच बसलो. नियम फोडून बघायची सवय असलेल्या मला ही फट कधी दिसली नव्हती. न येणारीचं मत उभ्या बाटलीला मिळणारच असेल, तर उभ्या बाटलीच्या बाजूच्या बाईने शाळेपर्यंत चालत जायचं कारणच नाही. म्हणजे रांगेत उभं राहणं हेच मत. पडदा, शिक्का, पेटी सगळं गुप्त, आणि गुपित मात्र शाळेच्या फाटकाशीच फुटलेलं. ज्या बाईला गुप्ततेची सगळ्यांत जास्त गरज आहे, जिच्या घरातच पिणारा आहे, तिच्यासाठीच ते मतदान उघड होतं. कागदावर नियम म्हणतो की फार मोठ्या संमतीशिवाय कुणाचा धंदा बंद करू नये, आणि त्यात तथ्य आहे. दुकानदाराचंही पोट आहे. पण त्या सावधगिरीची किंमत त्याने शांतपणे अशा बायकांच्या नावावर टाकली ज्यांना ती परवडत नव्हती. शिकागोच्या नियमात हा दोष नाही, तिथे दोन्ही बाजूंना यावं लागतं. पण तिथे माझ्यासारखा रहिवासी मोजलाच जात नाही. निर्दोष नियम मला अजून कुठे सापडलेला नाही. प्रत्येक नियम कुणाच्या तरी न येण्याचा काहीतरी अर्थ लावतो.

आणि दुसरी गोष्ट हायवेची. आईने जो हिशेब केला तो आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. अवैध दारू वाढली, हे एक मुख्य कारण तेव्हा दिलं गेलं. ती उठवणं बरोबर होतं की नाही यावर आजही वाद घालता येईल, पण बाटली सरकते हे त्या वादातलं कुणीच नाकारत नाही. आडवी केलेली बाटली पुढच्या गावात उभी राहते. निर्णयाचा हक्क त्याच्या झळा सोसणाऱ्यांना असावा, हे तत्त्व मला अजूनही मान्य आहे. पण झळा कुठवर पोचतात हे मतदान केंद्राच्या सीमेवर थांबून कळत नाही.

मग आईचं न जाणं बरोबर होतं का? मला तसं म्हणता येत नाही. बचत गटाच्या काकूंच्या घरीही पिणारा होता, आणि त्या रांगेत सगळ्यांत पुढे होत्या, चुलत्यांच्या नजरेसमोर. आईसारख्या आणखी थोड्या जणी आल्या असत्या तर काकूंना एकटं पडावं लागलं नसतं. भीतीला कारण होतं, हिशेब चोख होता, आणि तरी त्या हिशेबाची काही किंमत काकूंनी मोजली. मी गप्प बसलो त्याची काही किंमत ठरावाच्या बाजूने बोललेल्या त्या तिघांनी मोजली असणार. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. पण मी आईला ज्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं, तिच्या शेजारच्या खुर्चीत आता मीही बसलोय, एवढं खरं.

आमच्या रस्त्यावरचा तो जुना ठराव नगरसेवकांनी अजून उठवलेला नाही. निर्णय पुढे ढकललाय. बाईंच्या सह्या चालू आहेत. मध्यंतरी त्या पुन्हा दिसल्या, बर्फात, क्लिपबोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मी त्यांना म्हटलं की मी अजूनही तुमच्या बाजूचा पूर्ण नाही. त्या म्हणाल्या, ते ठीक आहे, पण वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला इंग्रजी कमी येतं, त्यांना काय विचारतेय ते हिंदीत नीट सांगशील का? बाजू माझी नको, प्रश्न माझा सांग.

मी वर गेलो आणि प्रश्न सांगितला. दोन्ही बाजूंनी सांगितला, हायवेसकट. सही करायची की नाही ते त्यांच्यावर सोडून खाली आलो.